टॅरोचा संच आणि सावंतवाडीची गंजिफा

टॅरो हा ७८ पत्त्यांचा संच असून त्यातील ५६ पत्ते घरोघरी खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या कॅटाशी नाते सांगणारे, तर उरलेले २२ पत्ते स्वतंत्र नावांच्या चित्रांचे असतात. ५६ पत्त्यांचे पेले, तलवारी, नाणी आणि दंड असे चार गट पडतात. प्रत्येक गटात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पत्ते आणि त्यांच्यावर सेवक, घोडेस्वार, राणी व राजा असे चार मानकरी असतात. या भागाला ‘मायनर आर्काना’ म्हणतात आणि मूर्ख, जादूगार, संन्यासी, नियतीचे चक्र, मृत्यू, मनोरा, सूर्य, जग अशा नावांच्या २२ पत्त्यांना ‘मेजर आर्काना’ म्हणतात. ‘आर्काना’ म्हणजे गुपिते, आणि हे नाव पत्ते अस्तित्वात आल्यानंतर काही शतकांनी त्यांना चिकटलेले आहे. हा सांगाडा बहुतेक संचांत सारखाच राहतो, चित्रे मात्र संचागणिक बदलतात, आणि आज पुण्या-मुंबईच्या दुकानांत किंवा घरपोच सेवेने मिळणाऱ्या संचांचे प्रकार इतके आहेत की नवख्या ग्राहकाने नेमका कोणता संच घ्यावा हा प्रश्न खराच अवघड होऊन बसतो.

या प्रश्नाला मिळणारी प्रचलित उत्तरे फारशी उपयोगी नाहीत. पहिला संच स्वतः विकत घेऊ नये, तो भेट म्हणूनच यावा. संच रेशमी कापडात गुंडाळून ठेवावा. तो हातात धरला असता जी ‘स्पंदने’ जाणवतील त्यांवरून निवड करावी, असे सल्ले दिले जातात. त्यांपैकी पहिल्याला इतिहासाचा कोणताही आधार नाही, दुसऱ्यात थोडा व्यवहार आहे, आणि तिसऱ्यात ज्याला स्पंदन म्हटले जाते ते बहुतेक वेळा ओळखीच्या चित्राने मनात उठवलेले स्मरण असते. हे शेवटचे निरीक्षण गांभीर्याने घेतले तर निवडीची कसोटी तेथेच सापडते. ज्या संचातील चित्रे पाहणाऱ्याला टिपणाचे पुस्तक न उघडता काहीतरी सांगू शकतात, तो संच त्याला मानवणारा, आणि ती चित्रे कोणाला काय सांगतील हे त्याच्या घरातील देव्हारा, शाळेतील धडे, जत्रा, नाटके आणि कॅलेंडरे यांनी आधीच बरेचसे ठरवून टाकलेले असते.

टॅरोचा जन्म गूढविद्येत झाला, हा समज प्रथम बाजूला ठेवावा लागतो. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीत हे पत्ते खेळण्यासाठी तयार झाले. फ्लॉरेन्समधील त्यांचा लेखी उल्लेख १४४० सालचा आहे, आणि मिलानच्या व्हिस्कोंती व स्फोर्झा या सत्ताधीश घराण्यांसाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेले त्याच शतकातील पत्ते आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. बावीस विशेष पत्त्यांपैकी २१ पत्ते म्हणजे कायमचे हुकूम होते. बदाम किंवा इस्पिक यांपैकी एखादा रंग डावापुरता हुकूम ठरवण्याऐवजी इतर सर्वांना मारणारी एक पाचवी रांगच इटालियन खेळाडूंनी निर्माण केली, आणि ‘मूर्ख’ हा पत्ता अडचणीच्या वेळी हात सोडून निसटण्यासाठी ठेवला. ब्रिटिश तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात टॅरोच्या खेळांचा हा इतिहास इतक्या तपशिलाने मांडला, की खेळ आधी आणि भविष्यकथन फार नंतर, या क्रमाबद्दल अभ्यासकांत आता शंका उरलेली नाही. फ्रान्समध्ये तो खेळ अजूनही खेळला जातो.

गूढतेचा साज चढला तो १७८१ मध्ये. आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने आपल्या बहुखंडी ग्रंथात असे प्रतिपादन केले, की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचे दडवलेले ज्ञान होय. इजिप्तची चित्रलिपी वाचण्याची किल्ली शांपोल्यों यांना १८२२ मध्ये सापडली, म्हणजे हे विधान झाले तेव्हा इजिप्तचे एक वाक्यही कोणाला वाचता येत नव्हते, ही गोष्ट या सिद्धान्ताच्या भक्तांना फारशी खटकलेली दिसत नाही. इजिप्तशी पत्त्यांचा संबंध आहे तो निराळा: इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळातील हाताने रंगवलेले पत्ते आहेत, त्यांवर पेले, तलवारी, नाणी आणि चौगान म्हणजे पोलो खेळण्याच्या काठ्या आहेत, आणि मानकरी पत्ते राजा व त्याचे नायब यांचे आहेत. चौगान ठाऊक नसलेल्या युरोपात त्या काठ्यांचे दंड झाले. राजा आणि त्याचा नायब ही जोडी मात्र मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण ती सावंतवाडीत पुन्हा भेटते.

बाजारात आज जे संच मिळतात त्यांपैकी बहुतेकांची वंशावळ तीन मूळ संचांपर्यंत नेता येते. पहिला मार्सेयचा, ज्याचे निकोला कोन्व्हेर यांनी १७६० च्या सुमारास छापलेले रूप प्रमाण मानले जाते. त्यातील रेषा ठसठशीत आणि रंग मोजके असून ५६ पैकी अंकांचे पत्ते केवळ चिन्हांची मांडणी दाखवतात, म्हणजे तलवारींच्या सत्तीवर सात तलवारी असतात, त्यापलीकडे काही नाही. ज्याला खेळ किंवा जुनी छापील कला यांची आवड आहे त्याला हा संच रुचतो. परंतु चित्रावरून कथा सुचावी अशी अपेक्षा ठेवणाऱ्याला तो मुका वाटण्याचा संभव असतो. तिसरा संच अलिस्टर क्रोली यांच्या कल्पनेवरून फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात रंगवलेला ‘थोथ’; त्यात ज्योतिष, किमया आणि ज्यूंची कब्बाला ही गूढपरंपरा यांचे संकेत इतके दाटीने भरलेले आहेत, की स्वतंत्र अभ्यासाची तयारी नसेल तर तो सुंदर पण बंद दरवाजासारखा राहतो.

या दोहोंच्या मधला संच सर्वाधिक खपाचा आहे आणि त्याच्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे योग्य ठरेल. डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनसंस्थेने तो विक्रीस आणला. आर्थर एडवर्ड वेट यांनी त्याची योजना केली आणि पामेला कोलमन स्मिथ यांनी चित्रे काढली. संच दीर्घकाळ ‘रायडर-वेट’ या नावाने ओळखला गेला आणि चित्रकर्तीचे नाव त्याला जोडण्याची प्रथा फार उशिरा पडली. स्मिथ यांचे बालपण इंग्लंड आणि जमैका येथे गेले होते, रंगभूमीवर नेपथ्य आणि वेशभूषेचे काम त्यांनी केले होते, आणि पत्त्यांकडे पाहिले की ते लगेच दिसते: जवळजवळ प्रत्येक पत्ता म्हणजे पडदा वर गेल्यावरचा पहिला क्षण आहे. त्यांनी केलेला मोठा बदल असा, की अंकांच्या पत्त्यांवरही त्यांनी माणसे आणि प्रसंग रंगवले. पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या सोला-बुस्का या इटालियन संचाचा अपवाद वगळता असे पूर्वी झालेले नव्हते. या कामाचा मोबदला त्यांना तुटपुंजा मिळाला, आणि १९५१ मध्ये कॉर्नवॉलमध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा पुढे घराघरांत पोहोचलेल्या या चित्रांची कर्ती म्हणून त्यांना ओळखणारे फार थोडे होते.

स्मिथ यांच्या चित्रांपैकी काही मराठी वाचकाला विनासायास कळतात. नाण्यांच्या अठ्ठीवर बाकावर बसून एकामागून एक नाणे ठोकणारा कारागीर आहे. पुण्याची तांबट आळी पाहिलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. नाण्यांच्या पंजीवर रंगीत काचांच्या उजळलेल्या खिडकीखालून बर्फातून जाणारे दोन दरिद्री जीव आहेत. बर्फ परका आहे, पण देवाच्या दाराबाहेर राहिलेली माणसे परकी नाहीत. याउलट ‘हायरोफंट’ हा पत्ता पोपसदृश धर्मगुरूचा आहे, आणि ‘न्याय’ व ‘अंतिम निवाडा’ हे दोन वेगळे पत्ते का आहेत हे ख्रिस्ती श्रद्धेत वाढलेल्याला जितके सहज उमगते तितके इतरांना उमगत नाही, कारण शवपेट्यांतून उठणारी माणसे आणि तुतारी फुंकणारा देवदूत हे बायबलमधील पुनरुत्थानाचे दृश्य आहे. वसईच्या वाडवळ ख्रिस्ती घरातील वाचक आणि पंढरीच्या वारीला जाणाऱ्या घरातील वाचक हा पत्ता सारखाच वाचतील, असे मानण्याचे कारण नाही.

ही अडचण ओळखून निराळी चित्रभाषा रचण्याचा एक प्रयत्न पुण्याशी संबंधित आहे. कोरेगाव पार्क येथे १९७४ मध्ये सुरू झालेल्या रजनीश आश्रमाच्या परंपरेतून, ओशोंच्या १९९० मधील निधनानंतर, त्याच दशकाच्या मध्यास ‘ओशो झेन टॅरो’ हा संच प्रसिद्ध झाला. त्याची चित्रे त्यांच्या शिष्या मा देव पद्मा यांची आहेत. त्यात पत्ते ७९ आहेत, कारण ‘गुरू’ हा एक बिनक्रमांकाचा पत्ता जादा घातलेला आहे. पेले, तलवारी, दंड आणि नाणी यांच्या जागी पाणी, ढग, अग्नी आणि इंद्रधनुष्य हे गट आले. ‘सम्राट’ जाऊन तेथे ‘बंडखोर’ आला, ‘मृत्यू’ ऐवजी ‘रूपांतर’ आले, आणि ‘सैतान’ या पत्त्याची जागा मेंढरांत वाढलेल्या सिंहाच्या गोष्टीने घेतली, जी भारतीय श्रोत्यांना कीर्तना-प्रवचनांतून चांगली परिचयाची आहे. हा संच भविष्य सांगण्यापेक्षा ध्यानाला विषय पुरवण्यासाठी आहे, असे त्याचे कर्ते सांगतात. तरीही त्याची एक मर्यादा आहे: मेंढरांतला सिंह ओळखीचा असला तरी संचाचा एकंदर सूर एका विशिष्ट गुरूच्या शिकवणुकीचा आहे, आणि ज्याला ती शिकवण मान्य नाही त्याला प्रत्येक पत्ता उपदेश करीत असल्यासारखा वाटू शकतो.

मराठी प्रदेशाचा स्वतःचा असा चित्रमय पत्त्यांचा संच मात्र याहून कितीतरी जुना आहे, आणि त्याची मातृभूमी पुण्यापेक्षा दक्षिणेला, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी येथे आहे. गंजिफा हा गोल पत्त्यांचा खेळ इराणकडून आला असे मानले जाते. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या दरबारातील खेळाचे वर्णन केले आहे. मोगल पद्धतीच्या चंगकांचनी गंजिफेत आठ गट आणि ९६ पत्ते असतात. दख्खनेत आणि अन्यत्र या सांगाड्यावर विष्णूचे दहा अवतार बसवले गेले आणि दशावतारी गंजिफा तयार झाली: दहा गट, प्रत्येकात बारा, एकूण १२० पत्ते. प्रत्येक गटाच्या माथ्यावर राजा आणि त्याच्याखाली प्रधान असतो, राणी नसते; मामलुक पत्त्यांतील राजा-नायबांची जोडी ती हीच. राजाच्या पत्त्यावर त्या त्या अवताराची मूर्ती असते आणि एकपासून दहापर्यंतच्या पत्त्यांवर अवताराचे चिन्ह तितक्या वेळा काढलेले असते: मत्स्याला मासा, कूर्माला कासव, नरसिंहाला चक्र, परशुरामाला परशू, रामाला बाण, कल्कीला तलवार. चिन्हे गावोगाव थोडी बदलतात. गटांच्या पार्श्वभूमीचे रंग वेगवेगळे ठेवलेले असतात, त्यामुळे हातातले पत्ते पंख्यासारखे उघडले की गट नजरेनेच वेगळे होतात.

खेळाचे नियमही विचार करायला लावणारे आहेत. या खेळात हुकूम नसतो. अर्ध्या गटांत प्रधानाखाली दश्शी सर्वांत मोठी व एक्का सर्वांत लहान, तर उरलेल्या अर्ध्या गटांत नेमके उलटे, म्हणजे एक्का मोठा आणि दश्शी धाकटी. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने आरंभ करायचा आणि रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने. तिघे खेळतात, प्रत्येकाच्या वाट्याला ४० पत्ते येतात, आणि पडून गेलेले पत्ते स्मरणात ठेवल्याशिवाय शेवट गाठता येत नाही. भविष्य सांगण्याची रूढ पद्धत गंजिफेला नाही. रस्त्यावरच्या ज्योतिष्याचा पोपट पिंजऱ्याबाहेर येऊन चोचीने पत्ता ओढतो, कोकणात देवाला कौल लावतात, पहाटेचा पिंगळा दारात येऊन भाकीत बोलतो. भविष्याची भूक भागवण्याची मराठी साधने ही अशी निराळी होती आणि गंजिफा करमणुकीसाठीच राहिली, ही वस्तुस्थिती टॅरोच्या मूळ इतिहासाशी चांगली जुळते.

सावंतवाडीत ही कला चितारी समाजाच्या हातांनी जगली. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे, घोटून गुळगुळीत करायचे, गोल कापायचे, रंगवायचे आणि वरून लाखेचा हात द्यायचा, अशी तिची रीत. बारीक नक्षी, सजवलेल्या कडा आणि भरीव मूर्ती असलेल्या कामाला दरबारी कलम आणि साध्या, झरझर काढलेल्या कामाला बाजारी कलम म्हणतात. छापील पत्ते स्वस्तात मिळू लागल्यावर मागणी आटली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही विद्या मोजक्या वृद्ध कलावंतांपुरती उरली. सावंतवाडीचे शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्त्वशीलादेवी भोंसले यांनी त्या वृद्धांकडून ती समजावून घेतली, १९७० च्या दशकाच्या आरंभापासून राजवाड्यातच कारागिरांना बसवून काम सुरू केले, आणि मोती तलावाकाठच्या त्या वाड्यात आजही गंजिफा रंगवल्या जातात. मुंबईत १९३३ मध्ये आलेले जर्मन वंशाचे कलासमीक्षक रूडॉल्फ फॉन लायडन यांनी भारतभरच्या गंजिफांचा संग्रह आणि अभ्यास केला, आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९८२ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे घेण्यासाठी थांबणाऱ्या प्रवाशांपैकी किती जणांना या पत्त्यांची कल्पना असते, हा प्रश्न वेगळाच.

तथापि ओळखीची चित्रे म्हणून दशावतारी संच प्रत्येक मराठी माणसाला मानवेल, असे म्हणणे घाईचे ठरेल. नववा अवतार म्हणून बुद्ध येतो, आणि महाराष्ट्रातील जुन्या दशावतार-चित्रांत त्या जागी पुष्कळदा विटेवरच्या विठ्ठलाची आकृती दिसते. वारकरी घरातील माणसाला यात आपलेपणा वाटेल, परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही अशी स्पष्ट प्रतिज्ञा असल्यामुळे, बौद्ध वाचकाच्या दृष्टीने हा गट मानवण्यासारखा नाही, आणि कार्ले व भाजे येथील लेणी ज्यांच्या रोजच्या परिसरात आहेत त्या मावळातील वाचकाला तर बुद्धाची मूळ ओळख विष्णूच्या आधाराविनाच झालेली असते. अशा वाचकाने चंगकांचनी गंजिफा घ्यावी किंवा मार्सेयचा संच घ्यावा; दोहोंत देवांची गर्दी कमी आहे. निवड ही अशी फार खासगी बाब असते आणि विक्रेत्याच्या यादीतील ‘नवशिक्यांसाठी सर्वोत्तम’ हा शिक्का तिला पुरत नाही.

पत्ते भविष्य सांगतात का, या प्रश्नाला येथे बगल देता येत नाही, कारण संचाची किंमत पुष्कळदा त्याच्या ‘अचूकते’वर ठरवली जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे स्वतंत्र स्वभाववर्णन म्हणून एकच मजकूर दिला, तेव्हा तो आपल्याला किती लागू पडतो यासाठी विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सर्वांना लागू पडणारी वाक्ये माणूस आपलीशी करून घेतो, हे त्यातून दिसले. टॅरोवर नव्हे, तर फलज्योतिषावर, पण पुण्यातच, जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी एक चाचणी घेतली: हुशार आणि मतिमंद अशा दोन प्रकारच्या मुलांच्या कुंडल्या २७ ज्योतिष्यांना दिल्या आणि प्रत्येकाने ४० कुंडल्यांचा निवाडा केला, यश सरासरी ४६ टक्के आले, म्हणजे नाणे उडवून जितके येईल त्याहून थोडे कमीच. हे निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आले. त्यामुळे एक संच दुसऱ्यापेक्षा अधिक ‘खरा’ असतो, या दाव्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण उरत नाही. चित्रासमोर बसून स्वतःच्या अडचणीचा निवांत विचार करणे, गोष्ट रचणे किंवा खेळणे, हे उपयोग शिल्लक राहतात आणि ते थोडे नाहीत; इटालियन लेखक इटालो काल्व्हिनो यांनी टॅरोच्या पत्त्यांवरून एक संपूर्ण कथापुस्तक उभे केले.

चित्रांनंतर प्रश्न येतो तो हाताचा आणि हवेचा, आणि याबाबतीत लोणावळ्याच्या तुंगार्लीसारख्या ठिकाणचा ग्राहक इतरांपेक्षा अधिक चोखंदळ असायला हवा. टॅरोचा नेहमीचा पत्ता सुमारे ७ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे साध्या पत्त्यापेक्षा बराच मोठा; लहान पंजाच्या माणसाला ७८ पत्त्यांचा असा गठ्ठा पिसता येत नाही, आणि त्याने लहान आकाराची आवृत्ती घ्यावी. कागद फार पातळ असला की कोपरे मुडपतात आणि फार जाड असला की गठ्ठा हातात मावत नाही. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तुंगार्ली धरणाच्या अंगाने ढग सरळ घरात शिरतात, आणि आठवड्यातून दोनच दिवस उघडणाऱ्या बंगल्यांत जून ते सप्टेंबर या काळात कागदाची प्रत्येक वस्तू ओलावा पिते. अशा हवेत मुलामा नसलेले, खरखरीत कागदाचे पत्ते वाकतात आणि त्यांवर बुरशीचे ठिपके येतात. सोनेरी कडांचे नवे पत्ते एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना वर्ख उडतो. दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ थर दिलेला किंवा संपूर्ण प्लास्टिकचा संच गूढतेच्या चाहत्यांना रुक्ष वाटला तरी तेथे तोच टिकतो. रेशमी कापड धूळ आणि घर्षण रोखते, ओल रोखत नाही. चिक्की मऊ पडू नये म्हणून लोणावळ्यातील घरांत घट्ट झाकणाचा डबा जसा वापरतात, तसाच डबा आणि त्यात सिलिका जेलची एक पुडी पत्त्यांनाही पुरते.

गंजिफेच्या कारागिरांना हा प्रश्न पूर्वीच पडलेला होता, कारण सावंतवाडीचा पाऊसही लोणावळ्याला हार जाणारा नाही. लाखेचा थर चकाकीसाठी असतो तितकाच ओलीसाठीही असतो, आणि रंगवलेली, सरकत्या झाकणाची लाकडी पेटी त्याच कामाला येते. मात्र हाताने रंगवलेला पत्ता छापील पत्त्यासारखा जोराने पिसता येत नाही. गोल पत्ते दोन्ही हातांनी टेबलावर पसरून हळूच कालवावे लागतात, नाहीतर लाखेला तडे जाऊन कडांचा रंग निघतो. म्हणून खेळण्यासाठी संच हवा असेल तर बाजारी कलमाचा घ्यावा, आणि दरबारी कलमाचा संच मुख्यतः पाहण्यासाठी व जपण्यासाठी आहे हे धरून घ्यावा; १२० पत्त्यांचा पूर्ण संच हाताने रंगवून व्हायला वेळ लागतो, तेव्हा मागणी आधी नोंदवणे आणि गटांची चिन्हे व पार्श्वभूमीचे रंग कोणते असतील हे कारागिराशी बोलून ठरवणे, ही सोय छापील टॅरोच्या ग्राहकाला कधीच मिळत नाही.